चाकावरचा खांब

“नानासाहेब, सोडा त्याला,” मी तिसऱ्यांदा म्हणाले.

नानासाहेबांनी खांब सोडला नाही. दोन्ही हात पसरून, गाल टेकवून त्यांनी त्याला कवटाळलं होतं. अंगात नवं जाकीट, डोक्यावर पांढरी टोपी, पायांत राजवाड्यानंच दिलेल्या जाड लोकरी सपाता. दाराशी बसलेली निळ्या गणवेशातली बाई उठून उभी राहिली आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. भाषा मला येत नव्हती. पण पोलीसपाटलाचा आवाज जगात कुठेही ओळखू येतो.

“एक वाव आन वर ईतभर,” नानासाहेब खांबाआडून म्हणाले. “लिवून घ्या म्याडम.”

वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप. मी लिहून घेतलं. त्यासाठीच मला तिथं नेलं होतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारत दिसते कशी हे आर्किटेक्ट बघतो, ती उभी कशी राहते हे मी बघते. त्याचं नाव पाटीवर येतं. माझं नाव इमारत पडली तरच पेपरात येतं. पिरंगुटला एका मेडिकलच्या वर माझं ऑफिस आहे. गोडाऊन, शाळा, बंगले, कंपन्यांच्या शेड, सगळं केलंय. राजवाडा हा पहिलाच.

नानासाहेब पिरंगुटजवळच्या भरे गावचे. मोठं शेतकरी घराणं. थोडी जमीन विकली, थोडी गोडाऊनला दिली, रस्त्याकडेची ठेवली. तिच्यावर लग्नाचा हॉल बांधायचा ठरला. मंगल कार्यालय म्हटलेलं त्यांना चालत नसे. ‘पॅलेस’ म्हणायचं. एक दिवस ते ऑफिसात आले आणि टेबलावर एक झाकण ठेवलं. भाच्यानं परदेशातून आणलेल्या बिस्किटांच्या डब्याचं ते झाकण होतं. वर एका राजवाड्याचं चित्र. पुढे सहा उंच खांब, त्यांच्यावर मोठा त्रिकोण.

“ह्ये बांदायचं,” ते म्हणाले.

पुण्याहून एक आर्किटेक्ट आणले. त्यांनी झाकणावरून ड्रॉइंग केलं, मग “मी कॉपी करत नाही” असं म्हणून भांडले आणि गेले. ड्रॉइंग मात्र ठेवून गेले. त्यावरून मी सांगाडा डिझाइन केला आणि तो उभा राहिला. समोर भातखाचरं, शेजारी गोडाऊन, मध्ये सहा खांब आणि त्रिकोण. गावात त्याला ‘कोर्ट’ म्हणायला लागले. पौडची एसटी चुकलेल्या एका आजींनी एकदा आत येऊन वॉचमनला विचारलं, “आधार कारडाचं हितंच हुतं का?”

नानासाहेबांना हे लागलं. “झाकनावर हाय तसं दिसत न्हाई म्याडम. कायतरी ऱ्हायलंय. जाऊन बगून यिऊ.”

“कुठे?”

“झाकनावर पत्ता हाय की.”

इंदूवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “ह्यांच्यासंगं मी एकली न्हाई जायाची. ह्यांना खांब दिसला की मी दिसत न्हाई.” इंग्रजी बोलणारं कुणीतरी हवंच होतं. अशी मी निघाले. घरी नवऱ्याला सांगितलं, साइट स्टडी आहे. खरं सांगायचं तर मला युरोप बघायचा होता आणि तो दुसऱ्याच्या तिकिटावर मिळत होता. हे आत्ताच कबूल करते, कारण पुढे ते मला महागात पडलं.

राजवाड्याचं आणि गावाचं नाव सांगत नाही. आमचे फोटो त्यांच्याकडे असतील.

जुन्या गावात गाड्या जात नाहीत. दगडी फरसबंदीच्या गल्ल्यांतून चालत जायचं, एका चौकात बाहेर पडायचं, की समोर तो. झाकणावर होता तसाच. सहा खांब, त्रिकोण, डावीकडे जितक्या खिडक्या तितक्याच उजवीकडे. याला निओक्लासिकल म्हणतात. निओक्लासिकल म्हणजे काय, तर दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या श्रीमंतांना वाटायला लागलं की आपण ग्रीक-रोमन आहोत. मग त्यांनी घरांना जुन्या देवळांचे खांब लावले. थोडक्यात, त्यांनीही कुठलं तरी झाकण बघितलं होतं.

आत शिरताना बुटांवर लोकरी सपाता घालायला दिल्या. लाकडी फरशीवर चरे पडू नयेत म्हणून. दोन खोल्या घसरत घसरत पार केल्यावर वहिनी माझ्या कानाशी आल्या. “म्याडम, ह्यांची फरशी पुसायचं काम आपल्याकडनं करून घेत्यात. आन वर आपल्यालाच तिकीट.”

गाइड सत्तरीच्या बाई होत्या. पांढरे केस, ताठ मान, सावकाश इंग्रजी. त्या सांगत, मी मराठीत सांगे. एका खोलीत नानासाहेबांनी एका नक्षीदार दाराची मूठ ओढून बघितली. दार उघडेना.

“कुलूप घातलंय.”

गाइडबाई म्हणाल्या, कुलूप नाही. मागे भिंत आहे. उजवीकडे खरं दार आहे, म्हणून डावीकडे तसंच दिसायला हवं.

“म्हंजी नकली?” नानासाहेब.

“सममितीसाठी,” मी म्हणाले.

“नकलीच की,” वहिनी म्हणाल्या.

इथं थोडं मागचं सांगावं लागेल. नानासाहेबांच्या पॅलेसचे खांब तीन फूट जाड दिसणार होते, पण आतला खरा खांब दीड फुटाचा. सळ्या आणि काँक्रीटचा. त्याच्याभोवती जीआरसीचं कवच. जीआरसी म्हणजे काचेचे धागे घातलेलं पातळ काँक्रीट. साच्यात ओतून हवा तो आकार काढता येतो. आत पोकळ असतं, नारळाच्या करवंटीसारखं. वजन सगळं आतला खांब घेतो, रुबाब सगळा बाहेरचं कवच करतं. यावरून मी वर्षभर नानासाहेबांना टोमणे मारत होते. “तिकडचे खांब खरे, अखंड दगडाचे. तुमचं म्हणजे सोंग.” मला ते वाक्य आवडायचं. साइटवर पाहुणे आले की मी ते जरा मोठ्यानं म्हणायची.

तर आम्ही मोठ्या नाचघरात आलो. दोन्ही बाजूंना पिवळसर संगमरवराचे खांब, त्यांत लाल-करड्या शिरा. याच खांबांपैकी एकाला नानासाहेबांनी मिठी मारली होती. निळी बाई जवळ येऊन उभी राहिल्यावर त्यांनी ती सोडली. गाइडबाई हसल्या. त्यांनी बोटातल्या अंगठीनं खांबावर टकटक केलं.

मडक्यासारखा आवाज आला.

त्या म्हणाल्या, हा संगमरवर नाही. जिप्समच्या गिलाव्यात रंग कालवून, घोटून घोटून केलेला देखावा आहे. त्या काळी मोठी कला होती ही. ओळखायची खूण सोपी आहे. खरा संगमरवर गार लागतो, हा लागत नाही.

मी हे मराठीत सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला.

“तरीच!” नानासाहेब ओरडले. “म्हनलं दगडाला ऊब कशी लागतीया!” आणि ते इतके हसले की निळी बाई परत फिरून आली. “म्याडम, वरीसभर आमाला सोंग म्हनत हुता. हितं तर राजाचंच सोंग हाय.”

मग एकदम थांबून त्यांनी वर बघितलं. “मंग ह्ये छत कशावर हाय?”

प्रश्न चांगला होता. गाइडबाई म्हणाल्या, छत भिंतींवर आहे. या खांबांवर काहीच नाही. पण बाहेर दर्शनी भागात जे सहा आहेत ते खरे. त्यांच्यावर त्रिकोणाचं सगळं वजन आहे. मी दोन्ही वाक्यं सांगितली. शपथेवर सांगते, दोन्ही सांगितली. पण दुसरं सांगेपर्यंत नानासाहेब पुढच्या खांबाला टकटक करायला गेले होते.

तिथून त्यांनी विचारलं, “म्हंजी मदले दोन काडले तरी काय हुनार न्हाई?”

माझं वर्षभराचं भाषण एका अंगठीनं फुकट घालवलं होतं. मी चिडले होते.

“काही नाही होणार,” मी म्हणाले. “चाकं लावा त्यांना. हवे तिथं फिरवा.”

वहिनी हसल्या. मलाही वाटलं, बरं जमलं. नानासाहेब हसले नाहीत. ते खांबाच्या बुडाकडे बघत होते.

शेवटच्या खोलीत एक पलंग होता, रेशमी पडद्यांचा. गाइडबाईंनी सांगितलं, एक राणी मुक्कामाला येणार होती म्हणून इथल्या सरदारानं हा वाडा बांधला. राणी आलीच नाही. पलंगावर कुणी झोपलं नाही.

नानासाहेब पलंगाकडे वळले. “मंग त्यानं लोकान्ला काय सांगितलं?”

मी विचारलं. गाइडबाई म्हणाल्या, काही नाही. त्यानं मेजवानी दिली.

“शाना मानूस,” नानासाहेब म्हणाले.

परत आल्यावर मी दुसऱ्या कामांत अडकले. पॅलेसचं माझं काम तसं संपलं होतं. सांगाडा उभा, आता कवचं बसवायची, रंग, दिवे. याला फिनिशिंग म्हणतात, त्यात माझी गरज नसते. शेवटी एकदा जाऊन बघायचं आणि स्टॅबिलिटी सर्टिफिकेट द्यायचं. म्हणजे ‘ही इमारत सुरक्षित आहे’ असं लिहून खाली सही. पहिलं लग्न नानासाहेबांच्याच मुलीचं होतं. पत्रिकेवर पॅलेसचा फोटो.

एक दिवस नानासाहेबांचा मेसेज आला. “म्याडम, त्ये चाकाचं काम चालू केलं.” मला वाटलं, सरकत्या गेटची चाकं. मी एक अंगठा पाठवून दिला.

त्यानंतर आठवड्यानं मी कासारसाईच्या एका बंगल्यावरून परत येत होते. वाटेत भरं लागतंच. लांबूनच आवाज ऐकू आला. ब्रेकरचा. ब्रेकर म्हणजे काँक्रीट फोडायचं मशीन. आता फिनिशिंगच्या कामात ब्रेकरचं काय काम? लग्नघरातून करवतीचा आवाज यावा तसं ते होतं. मी गाडी आत घातली.

सहा खांबांपैकी तिसरा नव्हता. जमिनीपासून वरच्या बीमपर्यंत, पंधरा फूट, मोकळं. चौथ्याला दोन माणसं ब्रेकर लावून बसली होती. निम्मं काँक्रीट गेलेलं, सळ्या उघड्या. आणि या दोघांच्या डोक्यावर बीम, बीमवर विटांचा तो अख्खा त्रिकोण.

“बंद करो!” मी ओरडले. “सब बाहर आओ! अभी!”

ब्रेकर थांबला. दोघं बाहेर आले. त्यातल्या एकानं वर बघून विचारलं, “मैडम, गिरेगा क्या?”

“हाँ.”

तो दोन सेकंद विचारात पडला, मग पळत परत आत गेला आणि आपला जेवणाचा डबा घेऊन आला. आजही कुणी जेवणाचा डबा पटकन उचलला की मी आधी वर बघते.

मी बाहेरूनच वर बघितलं. जिथं तिसरा खांब होता तिथं बीमच्या पोटाला भेग पडली होती. नख जाईल एवढी. हा बीम नऊ-नऊ फुटांच्या अंतरासाठी केलेला. आता एक अंतर अठरा फुटांचं झालेलं. चौथाही गेला असता तर सत्तावीस. मग अजून पडलं कसं नाही? विटांची भिंत अशा वेळी आतल्या आत कमान करते आणि काही काळ तग धरते. किती काळ, ते ती सांगत नाही.

अंगणात मात्र तिसरा खांब दिमाखात उभा होता. म्हणजे त्याचं कवच. पांढरंशुभ्र, वर नक्षी, खाली चार चाकं, हॉस्पिटलातल्या स्ट्रेचरला असतात तशी. एक कामगार चहा पीत त्याला टेकला, तर खांब हळूच पुढं सरकला आणि कामगार पडता पडता वाचला.

बापू धावत आला. बापू म्हणजे एलिव्हेशनचं, दर्शनी भागाचं, काम घेतलेला पौडचा कॉन्ट्रॅक्टर. “काय झालं म्याडम? काम का थांबिवलं?”

“खांब कुणी कापायला सांगितला?”

“तुमी.”

“मी?”

“शेट बोलले, म्याडमनी युरोपात सांगितलं, मदल्या दोघांना चाकं लावा. बग्गी आडत हुती ना. नवरदेवाची बग्गी आली की खांब बाजूला ढकलायचं, आत गेली की परत लावायचं. लई भारी आयडिया म्याडम. मी सगळ्यांना सांगतुया, आयडिया म्याडमची.”

“आणि आतला खांब? खरा?”

“त्यो न्हाई काडला तर चाकावर फिरंल कसा?” बापूला माझी कीव आली असावी. त्यानं मोबाइल काढला. नानासाहेबांनी त्याला तो मेसेज, माझ्या उत्तरासकट, पुढं पाठवला होता. “ह्यो बगा तुमचा अंगठा.”

आयुष्यभर सह्या करत आले. आणि एवढ्या मोठ्या कामात अंगठेबहाद्दर निघाले.

नानासाहेब आले तेव्हा कुणी आत जाऊ नये म्हणून मी सगळ्या दर्शनी भागाभोवती काथ्याचा दोर बांधत होते.

“टेकू लावायचे आहेत,” मी म्हणाले. “आजच. मग दोन्ही खांब परत ओतायचे.”

“आन लगीन? नऊ दिस ऱ्हायलं म्याडम. नवं काँक्रीट किती दिस ठिवायचं?”

“महिना तरी.”

“मंग?”

“मग पुढचं दार बंद. टेकू राहतील. पाहुणे बाजूच्या गेटनं.”

“त्ये केटरिंगवाल्यांचं गेट हाय!” नानासाहेबांचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. “म्याडम, माज्या थोरल्या भावाच्या पोराचं लगीन आमी पुन्यात केलं हुतं. मोठ्या हॉलमदी. आमची मानसं ट्रॅक्टरनं, टेम्पोनं आल्याली. त्यांना पुडच्या गेटनं सोडलं न्हाई. मागनं जावा म्हनलं, भांडी धुत्यात तितनं. माजी म्हातारी आई तितनं गेली, लुगडं वर धरून. मी तवाच म्हनलं, बांदीन तर असं दार बांदीन की ज्यो यील त्यो पुडनं यील.”

मला एवढ्या दिवसांत हे माहीत नव्हतं. मी झाकणावर हसत बसले होते.

“तरीही टेकू लागतील,” मी म्हणाले.

“भेगा काय, गिलावा वाळताना पडत्यातच. उंद्या फोटोवाला यायचाय. टेकू लावलं तर काय काडायचं त्यानं?”

आणि इथं मी चुकले. अशा वेळी इंजिनिअरनं ऐकून घ्यायचं नसतं. पण मी त्यांच्या तिकिटावर राजवाडा बघून आले होते. वहिनींनी विमानात मला खिडकी दिली होती. माणूस मिंधा झाला की त्याचं गणित मऊ पडतं. मी म्हणाले, “मी भेगेवर काच लावते. सकाळपर्यंत काच फुटली तर टेकू. तोवर दोराच्या आत कुणी जायचं नाही.”

ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची. भेग जुनी, थांबलेली असेल तर काच तशीच राहते. भेग हलत असेल तर काच ताणली जाते आणि तडकते. काचेला भीड नसते. मी क्रेनच्या पाळण्यात बसून, बाहेरच्या बाजूनं, तीन पट्ट्या लावल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली.

सकाळी आठला आम्ही सगळे दोराबाहेर उभे होतो. मी, नानासाहेब, बापू, आणि वहिनी. त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं. मी दुर्बीण लावून बघितलं. दोन पट्ट्या तडकल्या होत्या. एकीचा अर्धा तुकडा खाली पडला होता.

“कावळ्यानं फोडली आसंल,” नानासाहेब म्हणाले.

“कावळा हातोडी घिऊन आलता का?” वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “म्याडम, खरं सांगा. तुमी ह्याच्याखाली हुबं ऱ्हाल का?”

“नाही.”

“झालं मंग.”

“झालं काय झालं?” नानासाहेब भडकले. “मी ऱ्हातुया हुबा! माजा पॅलेस हाय!” आणि कुणी हात धरायच्या आत ते दोर ओलांडून आत गेले. जिथं तिसरा खांब होता बरोबर तिथं जाऊन, कमरेवर हात ठेवून, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. “बगा. हाय का काय?”

वहिनींनी माझं मनगट धरलं. बांगड्या माझ्या हातात रुतल्या.

मी म्हणाले, “नानासाहेब, बोलू नका. सावकाश बाहेर या.”

“बोलल्यानं पडतंय व्हय?” ते म्हणाले, आणि वरून रुपयाएवढा गिलाव्याचा तुकडा त्यांच्या खांद्यावर पडला.

नानासाहेबांनी खांद्याकडे बघितलं. मग वर बघितलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माणूस आपल्याच घराला अनोळखी होतो तसा. पळणं त्यांच्या अब्रूला शोभत नव्हतं, म्हणून ते चालत बाहेर आले. सहा पावलं. मी प्रत्येक मोजलं. दोराबाहेर आल्यावर त्यांनी टोपी काढून झटकली, परत घातली आणि बापूला म्हणाले, “काय बगतुयास? टेकू आन.”

पंधरा फुटी टेकू पिरंगुटात मिळेनात. शेवटी एका पुलाच्या कामावरून लोखंडी टॉवर आणले. शाबूत खांबांपासून सुरुवात करून, एक एक करत मधे सरकत, दिवसभरात चार टॉवर बसले. बीम त्यांच्यावर टेकला तेव्हा एक बारीक आवाज आला.

लग्न ठरल्या दिवशी झालं. डेकोरेटर टॉवरना मखमल गुंडाळायला निघाला होता. वहिनींनी थांबवलं. “झाकू नगा. लोकान्ला कळू द्या हितनं जायाचं न्हाई.” बाजूच्या गेटला केळीचे खांब लावले, रांगोळी घातली, आणि वहिनी स्वतः तिथं हळदीकुंकू घेऊन उभ्या राहिल्या. बग्गी त्या गेटातून सहज आत गेली. केटरिंगच्या ट्रकसाठी केलेलं गेट ते. बारा फूट रुंद. बग्गीचा प्रश्न मुळात नव्हताच. कुणी मोजलं नव्हतं.

मुलाकडचे हिंजवडीचे. दोन तरुण पोरींनी टॉवरपुढे फोटो काढले. एकीनं मला विचारलं, “हे इंडस्ट्रियल थीम आहे का?” मुलाच्या काकांनी मात्र नानासाहेबांना गाठलं. “नवीनच ना पॅलेस? मग हे बांधकाम कसलं?”

नानासाहेबांनी टॉवरकडे अभिमानानं बघितलं. “तुमी युरोपात गेलाय का? तिकडं परतेक राजवाड्याला आसंच लावल्यालं आस्तंय. कायम काम चालू.”

आणि हे, गंमत म्हणजे, अगदी खरं आहे.

लग्नानंतर दोन्ही खांब परत ओतले. भेगा भरल्या. दीड महिन्यानं टॉवर काढले, नव्या काचा लावल्या, पंधरा दिवस बघितल्या. एकही तडकली नाही. मग मी सर्टिफिकेट दिलं. त्याआधी एक पत्र लिहिलं आणि नानासाहेबांच्या फाइलला लावलं. खांब कापण्याला माझं बोलणं आणि माझा मेसेज कारण झाला, टेकूला एक दिवसाचा उशीर मी केला, असं त्यात स्पष्ट लिहिलं. नानासाहेबांनी वाचलं आणि म्हणाले, “आसं कशाला लिवायचं? कोन बगतंय?” मी म्हणाले, मी बघतेय.

चाकावरचं कवच वाया गेलं नाही. बापूनं ते ठेवून घेतलं आणि आता तो ते तालुक्यातल्या लग्नांना भाड्यानं देतो. परवा एका साखरपुड्यात मला ते स्टेजजवळ दिसलं. दोन फोटोग्राफर ते ढकलत होते.

धडा म्हणाल तर एवढाच. मी आता साइटवर विनोद करत नाही. एखादा तोंडून निघून गेलाच, तर त्या दिवशीच्या मीटिंगच्या नोंदीत लिहिते, ‘इंजिनिअरचे वरील विधान विनोद होता, अंमलात आणू नये.’ खाली क्लायंटची सही घेते.